हवेवर तरंगणारा हात

"अगं, तेल नको!"

मामा इतक्या जोरात ओरडला की माझ्या हातातली तेलाची पिचकारी खालीच पडली. या सदरात आपण शिलाई मशीन, भिंतीवरचं घड्याळ, पातळ रॉकेलचा स्टोव्ह अशा कितीतरी जुन्या वस्तू पुन्हा चालत्या केल्या. त्या सगळ्यांत पहिला उपाय एकच होता, पुसा आणि तेलाचा एक थेंब सोडा. त्यामुळे मामाच्या टर्नटेबलचा चकचकीत दांडा दिसल्यावर माझा हात सवयीने तेलाकडे गेला. पण हे यंत्र तेलावर चालत नाही. हवेवर चालतं. तेलाचा एक थेंब आत गेला असता, तर पुढचे आठ दिवस नुसती सफाई करण्यात गेले असते.

मामा अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहतो. हे गाव त्या एडिसनच्याच नावाचं. याच गावातल्या मेन्लो पार्क भागात १८७७ साली थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत फोनोग्राफ तयार झाला आणि माणसाचा आवाज पहिल्यांदा यंत्रातून परत ऐकू आला. आता तिथे आठवणीदाखल एक उंच मनोरा उभा आहे. मामाच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर.

यंदा मी गेले ती जरा वेगळ्या कारणाने. मामी जाऊन चार वर्षं झाली. मामा ७८ वर्षांचा, हात कापतात. घर विकून मुलीकडे राहायला जायचं ठरलं होतं. काय न्यायचं आणि काय द्यायचं याच्या याद्या चालू होत्या, आणि तळघरातल्या टर्नटेबलवर येऊन सगळं अडलं होतं. चार वर्षांत ते सुरूच झालेलं नव्हतं. मामेबहिणीचं म्हणणं, बंद पडलेलं एवढं जड धूड फ्लॅटमध्ये ठेवायचं कुठे? मामा म्हणाला, "वाजलं तर नेऊ. नाही वाजलं तर इथंच देऊन टाकू." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "डोकं माझं आहे. हात तेवढे तुझे दे."

आता हे यंत्र काय आहे ते आधी सांगते.

मॉलच्या गेम झोनमधलं एअर हॉकीचं टेबल तुम्ही पाहिलं असेल. टेबलाला बारीक भोकं असतात, त्यांतून हवा येते आणि प्लॅस्टिकची चकती त्या हवेवर अलगद सरकते. वीज बंद झाली की तीच चकती टेबलाला चिकटल्यासारखी होते. एअर बेअरिंग म्हणजे तीच युक्ती, फक्त फार नाजूक मापाची. मामाच्या यंत्रात जड प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायचं ताट, हवेच्या पातळ थरावर फिरतं. मामी त्याला परात म्हणायची. आणि सुई ज्या हाताला असते तो हातही हवेवरच तरंगतो. एक घट्ट बसवलेली नळी, तिच्या आतल्या बाजूला सूक्ष्म छिद्रं आणि त्या नळीतून आरपार जाणारा गुळगुळीत दांडा. छिद्रांतून हवा सोडली की दांडा नळीला कुठेही न टेकता मधोमध राहतो. तो एका बाजूला झुकला की त्या बाजूची फट अरुंद होते, हवेला निसटायला जागा उरत नाही, तिथला दाब वाढतो आणि दांडा परत मध्ये ढकलला जातो. आपलं आपणच सावरतं. ही फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक असते.

एवढा खटाटोप कशासाठी? तर रेकॉर्डची मूळ तबकडी कोरताना कोरणारी सुई बाहेरून आत अगदी सरळ रेषेत जाते. आपल्या नेहमीच्या टर्नटेबलचा हात मात्र एका खुंटीवर फिरतो, त्यामुळे त्याची सुई सरळ न जाता कमानीत जाते. नीट बसवलेल्या हातातही सुईचा कोन काही ठिकाणी दोनएक अंशांनी चुकतो. गाणं वाजतं, छानही वाजतं. पण रेकॉर्डच्या आतल्या टोकाला ही चूक जास्त बोचते. तिथे आधीच अडचण असते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आत लेबलाजवळ २० सेंटिमीटरच्या आसपास. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो.

इथे आपल्या गाण्याचा संबंध येतो. ख्यालाच्या एलपीवर बहुतेक वेळा एका बाजूला एकच राग असतो. आधी विलंबित, मग द्रुत. म्हणजे गवई जिथे पूर्ण रंगात येतो, ताना बरसतात, ती जागा नेमकी आतल्या टोकाला. पाश्चात्त्य गाण्यांच्या रेकॉर्डवर शेवटी एखादं हळू गाणं टाकून भागतं. आपल्याला द्रुत आधी आणि विलंबित नंतर अशी सोय नाही! मामीला भीमसेन जोशींची एक एलपी फार प्रिय होती आणि तिची एकच तक्रार असायची, शेवटच्या ताना फाटतात. त्या तक्रारीपायी मामाने हे यंत्र जुन्या बाजारातून घेतलं.

हाताला सरळ रेषेत नेण्याचे इतरही मार्ग निघाले होते. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसन कंपनीचं बिओग्राम ४००० हे १९७२ चं, आणि जपानच्या टेक्निक्सचं एसएल-१० हे १९७९ चं. दुसरं तर एलपीच्या वेष्टनाएवढंच होतं. यांत छोटी मोटर हाताला पुढे सरकवते. हवेच्या हाताला मोटरच नसते. रेकॉर्डची खाच सुईला आत ओढते आणि सुई अख्ख्या हाताला. साधा हिशेब करा. २२ मिनिटांच्या बाजूत तबकडी सुमारे ७३३ वेळा फिरते आणि सुई साधारण साडेआठ सेंटिमीटर आत जाते. म्हणजे एका फेऱ्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित जास्त. एवढ्याशा ओढीने हात हलायचा, तर वाटेत घर्षण जवळजवळ शून्यच हवं.

१९८० च्या दशकात अशी यंत्रं मोठ्या कारखान्यांपेक्षा एकेकट्या ध्यासवेड्या माणसांनीच जास्त केली. फ्लोरिडातल्या टॅलाहासी शहरात ब्रूस थिगपेन यांच्या एमिनंट टेक्नॉलॉजीने हवेवरचा हात बनवला. ओहायो राज्यात बॉब डिल्जर यांनी मेपलनॉल नावाने टर्नटेबलं केली, त्यांत ताट आणि हात दोन्ही हवेवर. जपानमध्ये मायक्रो सेइकीनेही जड ताटाला हवेवर उचललं. मामाचं यंत्र त्याच काळातलं, पण कुणाचं ते लिहीत नाही. चाळीस वर्षांत त्याचे इतके भाग बदलले गेले आहेत की मूळ मालकाने ओळखलं नसतं.

तर आता कामाला लागू.

मामाचा पहिला नियम, आधी पंप. सुई, हात, ताट, कशालाच हात लावायचा नाही. पंप शेजारच्या खोलीत होता, कारण तो गुरगुरतो. फिशटँकमध्ये बुडबुडे सोडणारा पंप असतो ना, त्याचाच हा थोरला भाऊ. आत विजेच्या लोहचुंबकाने थरथरणारा रबरी पडदा असतो. चार वर्षं बंद राहून तो पडदा तडकला होता. मामाने खणातून नवा काढून दिला. दहा वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला होता म्हणे, जुनी यंत्रं पाळणाऱ्यांची खोड. पडदा बदलला, पंप सुरू झाला, पण दाब पुरेसा येईना.

मग नळ्या तपासल्या. जुनी प्लॅस्टिकची नळी वाकवली तर कट्‌कन वाजली. फिशटँकच्या दुकानातून मीटरवर नवी सिलिकॉनची नळी आणली. सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, आपण गॅस सिलिंडर बदलल्यावर पाहतो तसंच. दोन ठिकाणी फुगे आले. तिथे क्लिप घट्ट केल्या आणि दाबमापकाचा काटा वर चढला.

पंप आणि यंत्र यांच्यामध्ये एक बंद टाकी असते. पंप हवा धडधडत देतो, टाकी ती धडधड पोटात घेते आणि पुढे संथ हवा जाते. ती टाकी मी उलटी केली तर चहाचा चमचाभर पाणी निघालं. हवा दाबली की गरम होते, नळीत जाऊन थंड होते आणि तिच्यातली वाफ थेंब होऊन बसते. तळघर दमट, त्यामुळे जास्तच. हे पाणी पुढे गेलं तर बारीक छिद्रं बुजतात. म्हणून पाणी अडवणारा फिल्टर लावायचा आणि टाकी अधूनमधून रिकामी करायची. हे यंत्र मुंबई, कोलकाता, कोची अशा हवेत कुणी ठेवणार असेल, तर पावसाळ्यात हे काम दर आठवड्याला धरूनच चाला.

दुसरा नियम मी मोडता मोडता वाचले. हवा सुरू नसताना परात फिरवायची नाही आणि हात सरकवायचा नाही. धातूवर धातू घासतो आणि एक चरा पडला की तो कायमचा. हवा आधी सुरू, सगळ्यात शेवटी बंद. हवा सुरू करून मी परातीला एका बोटाने हलकेच ढकललं, तर पट्टा न लावताही ती कितीतरी वेळ फिरत राहिली, आवाज न करता. मामा खुर्चीत बसून बघत होता. बोलला काहीच नाही.

मग दांड्याची सफाई. मऊ, धागे न सुटणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, बस. पुसल्यानंतर दांड्याला उघड्या बोटाने शिवायचं नाही, बोटांचं तेलही चालत नाही. छिद्रं बुजलीत असं वाटून मी टाचणी शोधायला लागले, तर मामा दुसऱ्यांदा ओरडला. टाचणीने छिद्राची कड बिघडली की हवा वाकडी येते. अल्कोहोलने पुसायचं, हवा सोडायची, वाट बघायची.

त्यानंतर पाणसळ. नेहमीच्या टर्नटेबलला पातळीत थोडं उणंअधिक खपतं. इथे हात कशालाच धरलेला नसतो, उतार मिळाला की निघाला घसरत. हाताचं हलणारं वजन समजा ३० ग्रॅम आणि दर १० सेंटिमीटरला एक मिलिमीटर उतार असेल, तर हाताला बाजूने सुमारे ०.३ ग्रॅमचा ओढा लागतो. सुईचा रेकॉर्डवरचा भार असतो दोनएक ग्रॅम. म्हणजे भाराच्या जवळपास सातव्या हिश्शाइतकी ओढ एकाच बाजूला, आणि सुई खाचेच्या एका भिंतीवर घासत राहते. आधी स्टँड, मग परात, मग हाताची नळी, अशा क्रमाने पातळी करायची. शेवटचा निकाल मात्र पाणसळीचा नसतो. काउंटरवेट सरकवून हात आडवा तरंगता ठेवायचा, मधोमध सोडायचा आणि श्वास रोखून बघायचं. सरकला नाही म्हणजे जमलं. यात अर्धा दिवस गेला, आणि मला वाटतं सबंध कामात सगळ्यात जास्त फळ याच अर्ध्या दिवसाने दिलं.

सुईची जागा लावणं त्या मानाने सोपं. कागदावर परातीच्या मधल्या खुंटीपासून कडेपर्यंत एक सरळ रेघ मारायची. सुई बाहेरच्या टोकाला रेघेवर हवी आणि आतल्या टोकालाही. नसेल तर हाताचा पाया थोडा पुढे-मागे. मग छोट्या काट्यावर सुईचा भार मोजायचा, कार्ट्रिजच्या कागदावर लिहिला असेल तेवढा. हीच कामं मामाला चार वर्षं करता आली नव्हती. सुईची काडी इतकी नाजूक की हात एकदा थरथरला तरी तुटावी.

संध्याकाळी मामीची एलपी लावली. विलंबित सुरू झालं. भीमसेनजींचा तो भरदार षड्ज तळघरात घुमला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो. पंधराव्या मिनिटाच्या आसपास सुई अडकली. तीच अर्धी तान, पुन्हा तीच, पुन्हा तीच. मी धावत जाऊन हात उचलला.

मामा म्हणाला, "झालं. देऊन टाकू."

मी म्हटलं, "थांब मामा. रेकॉर्ड खराब आहे की यंत्र, ते तरी बघू."

दुसरी रेकॉर्ड लावली. तीही अडकली, साधारण तेवढ्याच अंतरावर. म्हणजे रेकॉर्डचा दोष नाही. दांडा पुन्हा पुसला, फरक नाही. पातळी पुन्हा पाहिली, ठीक. मग मामाने एक तपासणी सांगितली. ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुईला टोपण लावायचं, काउंटरवेट मागे घेऊन हात तरंगता करायचा आणि बाहेरच्या टोकाला धरून त्याच्यावर हळूच फुंकर मारायची. हात निघाला, सुरेख सरकत दोन तृतीयांश अंतर गेला, मंदावला आणि चक्क उलटा परत आला. स्प्रिंग लावल्यासारखा.

घर्षणाने हात थांबेल, पण मागे कशाला येईल? म्हणजे काहीतरी त्याला मागे ओढत होतं. कार्ट्रिजच्या मागच्या चार वायरी चिमट्याने काढून घेतल्या आणि पुन्हा फुंकर मारली. हात आतल्या टोकापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

गुन्हेगार सापडला. कार्ट्रिजमधून निघणाऱ्या केसासारख्या चार वायरी हाताबरोबर फिरतात. मागे कधीतरी दुरुस्तीला आलेल्या एका माणसाने त्या नीट दिसाव्यात म्हणून चिकटपट्टीने ताणून बसवल्या होत्या, आणि वर्षांनुवर्षं त्यांचं वेष्टणही कडक झालं होतं. हात आत जाऊ लागला की वायरी ताणायच्या. नेहमीच्या टर्नटेबलमध्ये असला ताण कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे हवेने सगळं घर्षण घालवलेलं, त्यामुळे केसाएवढी वायरसुद्धा दावं बनते. असा हात मध्येच अडखळत असेल, तर पंपाला शिव्या देण्याआधी वायरी बघा.

नव्या मऊ वायरी दोन दिवसांनी टपालाने आल्या. मामा टेबलापाशी भिंग धरून बसला, मी चिमटा. वायरींचा सैल झोका असा ठेवायचा की हात रेकॉर्डच्या मधोमध असताना तो अगदी निवांत असेल, मग दोन्ही टोकांना ओढ समान आणि कमीत कमी राहते. "जरा वर. नाही, एवढं नाही. हं." अशी दीड तास कसरत चालली. मामाच्या हातातलं भिंग हलत होतं, म्हणून शेवटी त्याने कोपर टेबलावर टेकवलं आणि मी त्याच्या मनगटाखाली उशी ठेवली. फुंकर मारली. हात सरळ शेवटपर्यंत गेला.

मध्ये एक गोष्ट सांगायची राहिली. काही जुन्या रेकॉर्डचं मधलं भोक नेमकं मध्यावर नसतं. मग दर फेऱ्याला खाच डावी-उजवीकडे डुलते आणि सुईला अख्खा हात डावी-उजवीकडे ओढावा लागतो. खुंटीवर फिरणारा हात हे जास्त सहज सोसतो, हवेच्या हाताचं आडवं वजन जास्त असल्याने सुईच्या काडीवर ताण येतो. मामाच्या संग्रहात अशा पाच-सहा रेकॉर्ड निघाल्या. त्या त्याने बाजूला काढून साध्या टर्नटेबलसाठी ठेवल्या. हवेचा हात सगळ्याच बाबतीत वरचढ असतो असं मुळीच नाही. आतल्या टोकाला खाच हळू सरकते तो दोषही तो घालवू शकत नाही, फक्त कोनाची चूक काढून टाकतो.

आणि हो, तुमच्यापैकी कुणी परदेशातल्या नातेवाइकांकडून असं यंत्र आणायच्या विचारात असेल, तर ट्रान्सफॉर्मरवर विसंबू नका. ट्रान्सफॉर्मर १२० आणि २३० व्होल्टचा फरक मिटवतो, पण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्‌झची आणि आपली ५० ची, तो फरक तसाच राहतो. जुनी सिंक्रोनस मोटर विजेच्या त्या ठेक्यावरच फिरते, त्यामुळे मिनिटाला ३३ च्या जागी जेमतेम २८ फेरे होतील. काळी एकमधलं गाणं खालच्या काळी पाचमध्ये ऐकू येईल, आणि तेही रडत रडत. मोटरची पुली बदलावी लागते किंवा ६० हर्ट्‌झ तयार करून देणारं उपकरण लावावं लागतं. पंपाचा जोरही थोडा उतरतो. खरं विचाराल तर नुसती गाणी ऐकायची असतील, तर हा संसार मांडूच नका. चांगलं साधं टर्नटेबल घ्या, सुई स्वच्छ ठेवा.

मामाला मात्र नुसती गाणी ऐकायची नव्हती.

शनिवारी रात्री मामेबहीणही आली. मी पंप सुरू केला, काटा स्थिर होईपर्यंत थांबले, परात फिरवली, एलपी ब्रशने पुसली. सुई ठेवायला मामा स्वतः उठला. हाताला खाली सोडणारी छोटी कळ असते, ती दाबायला थरथरती बोटंही चालतात. विलंबित गेलं. पंधरावं मिनिट आलं तसं मी परातीकडे बघायचं टाळलं. द्रुत सुरू झालं. एकेक तान येत गेली, शेवटची अगदी लेबलापाशी, आणि फाटली नाही. मामेबहीण पायरीवर बसली होती. "आई असती तर म्हणाली असती, आवाज जरा वाढव," एवढंच बोलली, आणि फोन काढून सामान हलवणाऱ्या कंपनीच्या यादीत काहीतरी लिहायला लागली.

सुई उचलली. परात थांबली. पंप बंद करायला मी शेजारच्या खोलीकडे निघाले, तर मागून मामाचा आवाज आला.

"राहू दे गं पंप. दुसरी बाजू लाव."